चपला दाराबाहेर : कराटेच्या क्लासबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या अंकात "कराटेच्या क्लासबद्दल काही विचारायचं असेल तर विचारा" अशी एक ओळ टाकली होती. मला वाटलं आठ-दहा जण विचारतील की काळा बेल्ट किती वर्षांत मिळतो, आणि विषय संपेल. आलेले प्रश्न भलतेच निघाले. पंच-किकबद्दल जवळजवळ कोणीच विचारलं नाहीये, सगळे विचारतायत माणसांबद्दल, कोण कोणाला वाकतं, फरशी कोण पुसतं, कोण कोणाला लागेल असं मारतं. मी २६ वर्षं क्लासला जातेय, त्यातली बारा-तेरा वर्षं शिकवतेय पण, आणि माझ्या मते तुम्ही बरोबर जागी बोट ठेवलंय. माझी स्टाइल शोतोकान, त्यामुळे उदाहरणं तिथलीच जास्त येतील, बाकीच्या स्टाइलवाल्यांनी सांभाळून घ्या.

प्रश्न : ताई, मुलगी नऊ वर्षांची आहे, कराटेला जायला लागून आठ महिने झाले. आठ महिन्यांत एकच काता (म्हणजे ठरलेल्या हालचालींची मालिका), हेयान शोदान, परत परत तीच. तिच्या मैत्रिणीच्या क्लासमध्ये तेवढ्यात तीन काता झाल्या आणि नानचाकूपण सुरू झालं. वर हिच्या क्लासमध्ये शेवटची दहा मिनिटं मुलांकडून हॉल पुसून घेतात. मी शिकायला पाठवतेय की साफसफाईला? सरांना विचारायचा धीर होत नाही. – एक आई

उत्तर : अहो, विचारा की. पालकाने नीट शब्दांत विचारलं आणि सर चिडले, तर तेही कळलेलं बरंच.

आधी कातेचं बघू. हेयान शोदानमध्ये २१ हालचाली आहेत, करायला एक मिनिटसुद्धा लागत नाही, म्हणून बाकावरून बघणाऱ्याला वाटतं की हे आठवड्याभरात व्हायला हवं. क्रम पाठ व्हायला आठवडा पुरतोही. त्यानंतर जे सुरू होतं ते बाकावरून दिसत नाही, मागच्या पायाची टाच उचलली जातेय का, वळताना डोकं आधी वळतंय की खांदा, पंच मारणाऱ्या हाताइतक्याच जोरात दुसरा हात कंबरेशी येतोय का. या हेयान काता जपानच्या ओकिनावा बेटावरचे इतोसू आन्को यांनी मुळात शाळेतल्या मुलांसाठीच बसवल्या, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांनी तिथल्या शाळांमध्ये कराटे नेलं तेव्हा. त्यांचं नाव तेव्हा पिनान होतं, पुढे त्यांचे शिष्य आणि आमच्या शोतोकानचे संस्थापक फुनाकोशी गिचिन यांनी हेयान केलं आणि पहिल्या दोघींची अदलाबदल केली, म्हणजे तुमची मुलगी जी "पहिली" घोटतेय ती खरं तर दुसरी आहे. आणि या फुनाकोशींनी स्वतः तरुणपणी काय केलं? तेक्की नावाच्या तीन काता शिकले, दहा वर्षं. त्यांची आई कोणाला विचारायला गेली असेल का कोण जाणे.

तुम्ही घरी एक गंमत करून बघा. तिला काता सुरू करायला सांगा आणि तिसऱ्या हालचालीला थांबवा. ती मागे वळून उजव्या हाताने खालचा ब्लॉक करून उभी असेल, त्याला गेदान बाराई म्हणतात. तिच्या समोर उभ्या राहून तिचं ते उजवं मनगट घट्ट धरा आणि म्हणा, आता पुढची मूव्ह कर. चौथ्या हालचालीत पुढचा पाय मागे येतो, हात स्वतःकडे ओढला जातो, वरून गोल फिरतो आणि मुठीची करंगळीकडची बाजू हातोडीसारखी समोर पडते. बहुतेक मुलं हे हवेत छान करतात, पंख्यासारखा हात फिरवतात. पण मनगट धरल्यावर नुसता हात ओढून काही होत नाही, तुमच्यात ताकद जास्त आहे. तिने पाय मागे घेताना कंबरेतून ओढलं तर मात्र तुम्हीच अर्धं पाऊल पुढे ओढल्या जाल, तेव्हा डोकं जरा मागे ठेवा, हातोडी तिथेच पडते. सुटलं मनगट तर समजा आठ महिने सत्कारणी लागले. नाही सुटलं तर तिला सांगा सरांना विचारायला, की माझं का सुटत नाही. असा प्रश्न घेऊन येणारं पोर आमच्यासाठी दिवाळीच हो.

आता फरशी. याला सोजी म्हणतात. क्लासमध्ये सगळे अनवाणी असतात, घाम खाली पडतो, एखादी केसातली पिन, तुटलेल्या ब्रेसलेटचा मणी, हे सगळं कोणाच्या तरी तळपायात जायची वाट बघत असतं, शिवाय गजकर्ण वगैरे घाणेरड्या मॅटवरून पसरतं ते वेगळंच. ओलं फडकं दोन्ही तळव्यांनी जमिनीवर दाबायचं, कंबर वर आणि हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पळत जायचं. एकदा करून बघा, तिसऱ्या फेरीत मांड्या काय म्हणतात ते मला कळवा. फुनाकोशी १९२२ मध्ये टोकियोला गेले तेव्हा पन्नाशी उलटली होती, ओकिनावाच्या विद्यार्थ्यांच्या एका वसतिगृहात राहायचे, पोटापाण्यासाठी तिथले रखवालदार, झाडूवाले, माळी सगळं तेच होते आणि हॉल रिकामा असेल तेव्हा कराटे शिकवायचे. टोकियोतल्या कराटेची सुरुवात झाडूपासूनच झाली म्हणा ना.

फक्त दोन गोष्टींवर लक्ष ठेवा. एक म्हणजे पुसतं कोण. मोठे बेल्ट बाकावर मोबाइल बघत बसलेत आणि फक्त पिल्लं पुसतायत असं असेल तर ती सोजी नाही, फुकटची राबवणूक आहे. आमच्याकडे सगळ्यात आधी फडकं सर उचलायचे, मग बाकीच्यांना बसून राहणं जमायचंच नाही. दुसरं म्हणजे आठ महिन्यांत कोणी जवळ येऊन तिचा पाय सरळ केलाय का, खांदा खाली दाबलाय का. नुसतं मोजत राहायचं आणि मुलं कशीही करतायत, तर ती काता आठ वर्षं केली तरी पालथ्या घड्यावर पाणी.

नानचाकू विसरा. ओकिनावातही शस्त्रांचा अभ्यास वेगळा, त्याला कोबुदो म्हणतात आणि तो नीट शिकायचा म्हणजे तीही अनेक वर्षांची वेगळी वाट आहे. तीन महिने शिकलेल्या पोराच्या हातात ते दिलं की फोटो मात्र छान येतात.

प्रश्न : मी ४३ वर्षांचा आहे, ऑफिसमध्ये माझ्या हाताखाली तीस माणसं आहेत. चार महिन्यांपूर्वी कराटे सुरू केलं, पांढरा बेल्ट. मला शिकवायला चौदा वर्षांची ब्राउन बेल्ट मुलगी दिलीय. ती म्हणते "काका, गुडघा अजून वाकवा" आणि मी म्हणतो "ओस, सेम्पाय", म्हणजे "हो, सीनियर". घरी हे सांगितलं तर सगळे हसतात. मला लाज वाटतेय की राग येतोय तेच कळत नाहीये. – पांढरा बेल्ट

उत्तर : मीही हसले, माफ करा. एकाच वाक्यात काका आणि सेम्पाय, यापेक्षा चांगलं वर्णन मला क्लासचं जमलं नसतं.

बघा, क्लासच्या सुरुवातीला रांग लागते, बेल्टप्रमाणे, आणि एकाच बेल्टचे दोघं असतील तर जो आधी आला तो आधी. त्यात वय नाही, पगार नाही, काही नाही. रांगेत तुमची जागा कुठे हे एकदा ठरलं की पुढचा दीड तास कोणी कोणाला मान द्यायचा याची चर्चाच बंद, आणि तेवढा वेळ डोकं कामाला लागतं. तीस माणसं सांभाळणाऱ्याला तर ही सुट्टीच की. तुम्हाला तिथे काहीच ठरवायचं नाहीये.

आणि तुम्हाला वाटतंय की ती तुम्हाला शिकवतेय म्हणजे ती वर आणि तुम्ही खाली. तिच्या बाजूने बघा. तुमचा बेल्ट उलटा बांधलेला दिसला तर सर तुम्हाला बोलणार नाहीत, तिच्याकडे बघतील. मी सतरा वर्षांची असताना मला एक रिटायर्ड गृहस्थ दिले होते, दर हालचालीला त्यांचा एकच प्रश्न, का? टाच खाली का, मूठ शेवटी का फिरवायची, हा हात मागे का घ्यायचा. मला एकाचंही उत्तर यायचं नाही, मी सात वर्षं फक्त करत आले होते. दर वेळी सरांकडे जायचं, विचारायचं, परत यायचं, तोवर काका तसेच झेन्कुत्सु दाचीत, पुढचा गुडघा वाकवून, उभे थरथरत. ब्राउन ते ब्लॅक या काळात मी जे काही शिकले त्यातलं निम्मं त्या काकांच्या "का"मुळे. सेम्पायला कोहाय, म्हणजे ज्युनियर, लागतो तो यासाठी. तेव्हा नुसतं ओस म्हणू नका, विचारा तिला.

एक मात्र वयाचं ऐका. ती चौदाची आहे, तिचे गुडघे तिला नवीन मिळालेत. स्टान्स तिच्याइतका खाली न्यायचा हट्ट करू नका, गुडघा पायाच्या बोटांच्या दिशेनेच वाकला पाहिजे, आत पडता कामा नये, खोली मागाहून येते. सेइझात बसताना टाचांवर बसवत नसेल तर सरांना सांगून मांडी घाला, कोणी काही म्हणत नाही. आणि क्लास सुटला, चपला पायात घातल्या की तुम्ही काका आणि ती बेटा, हे तिला तुमच्यापेक्षा चांगलं कळतं.

प्रश्न : मी सातवीत आहे. आमच्या क्लासमध्ये एक दादा म्हणाला की पूर्वी बेल्ट कधीच धुवायचे नाहीत, मळून मळून तो काळा व्हायचा, म्हणून ब्लॅक बेल्ट. माझी आई बेल्ट धुते. मग माझं नॉलेज धुतलं जातं का?

उत्तर : तुझं नॉलेज शाबूत आहे, आईला धुऊ दे. ही गोष्ट खूप ठिकाणी सांगतात, मलाही सांगितली होती आणि मी तीन वर्षं बेल्ट धुतला नव्हता, वास आठवला तरी अजून कसंतरी होतं. खरं असं की काळा बेल्ट कराटेत नाही, ज्युदोत जन्मला. ज्युदोचे कानो जिगोरो यांनी १८८० च्या दशकात दान नावाची पदवी आणि काळा पट्टा सुरू केला. फुनाकोशींनी ते त्यांच्याकडून घेतलं आणि कराटेतले पहिले दान १९२४ मध्ये दिले. रंगीत बेल्ट तर त्याच्याही नंतर आले.

आणि अजून एक, दादाला सांग. खालचे बेल्ट म्हणजे क्यू, ते उलटे मोजतात, दहा, नऊ, आठ करत एकपर्यंत. मग काळा झाला की परत एकपासून वर. पहिल्या दानाला शोदान म्हणतात, आणि तू पहिली काता कुठली शिकलास, हेयान शोदान, तो शब्द तोच. शो म्हणजे सुरुवात. आता दादाचा बेल्ट कुठला आहे ते मला माहीत नाही, पण काळा असेल तर त्याला विचार की सुरुवात कशी चाललीय.

प्रश्न : क्लासमध्ये भिंतीवरच्या एका फोटोला वाकायला लावतात, डोळे मिटून बसवतात, जपानी भाषेत शपथ घ्यायला लावतात. आमच्या घरी हे चालणार नाही. हा धर्माचा प्रकार आहे का?

उत्तर : मी तरी तसं मानत नाही, पण तुम्हाला खटकत असेल तर ते सरांना सरळ सांगा, जगभरात बरेच क्लास अशा मुलांना फक्त ताठ उभं राहू देतात आणि आभाळ कोसळत नाही.

नमस्कार तीन असतात. शोमेन नी रेइ म्हणजे समोरच्या भिंतीकडे, तिथे सहसा स्टाइलच्या संस्थापकांचा फोटो असतो, कुठे नुसती अक्षरं, कुठे काहीच नाही. मग सेन्सेई नी रेइ, शिक्षकांना, आणि तेही उलट वाकतात. मग ओतागाई नी रेइ, एकमेकांना. डोळे मिटणं म्हणजे मोकुसो, रस्त्यावरची गर्दी आणि शाळेतलं भांडण डोक्यातून खाली बसायला दिलेला एक मिनिट. शपथ म्हणताय तो दोजो कुन, शोतोकानमध्ये त्यात पाच ओळी आहेत, साधारण असं की माणूस म्हणून घडा, खरेपणाने वागा, प्रयत्न सोडू नका, आदर ठेवा, रागाच्या भरात हात उचलू नका. गंमत म्हणजे पाचही ओळींच्या आधी "हितोत्सु" म्हणतात, म्हणजे "एक". एक, दोन, तीन नाही, एक, एक, एक, कारण कुठलीच ओळ दुसरीच्या खाली नाही. मुलं हे अर्थ न कळता पोपटासारखं ओरडतात, हा दोष आम्हा शिकवणाऱ्यांचा, अर्थ सांगायला पाच मिनिटं पुरतात.

या सगळ्यात कामाचा नमस्कार तिसरा. मी आता पूर्ण वेगाने मूठ तुझ्या तोंडाकडे आणणार आहे आणि थांबवणार आहे, तूही तेच करणार आहेस, कबूल? कबूल. एवढंच आहे त्यात. आणि एवढं नसेल तर काय होतं ते पुढच्या पत्रात बघा.

प्रश्न : ताई, मी १९ वर्षांची, ग्रीन बेल्ट. कुमितेला (दोघांच्या लढतीच्या सरावाला) नेहमी एक ब्लॅक बेल्ट सेम्पाय पार्टनर येतो, तिशीचा असेल. त्याला कंट्रोल अजिबात नाही. दोनदा बरगडीवर काळंनिळं पडलं, परवा ओठ फुटला. सरांना सांगितलं तर म्हणाले "स्पिरिट वाढव". मैत्रिणी म्हणतात सोड, मला कराटे आवडतं. मी कच्ची आहे का?

उत्तर : कच्चा तो आहे. आणि मला भीती वाटतेय की सरही.

आपल्याकडे एक शब्द आहे, सुन्दोमे. सुन हे जपानी जुनं माप, साधारण तीन सेंटिमीटर, आणि दोमे म्हणजे थांबवणं. पूर्ण वेगाने गेलेला पंच कातडीपासून तेवढ्यावर थांबवायचा. हे जमायला अंतर कळावं लागतं, समोरचा पुढे येतोय की मागे ते कळावं लागतं, स्वतःचा खांदा मोकळा असावा लागतो. मारून टाकायला यातलं काहीच लागत नाही. ब्लॅक बेल्टने ग्रीन बेल्टचा ओठ फोडला याला मी तरी स्पिरिट म्हणणार नाही, त्याला अंतर येत नाही असं म्हणेन, आणि येत असूनही फोडला असेल तर मग त्याला काय म्हणायचं ते इथे छापणार नाहीत. क्योकुशिनसारख्या स्टाइलमध्ये खरंच अंगावर मारतात, पण तिथे पहिल्या दिवसापासून सगळ्यांना ते माहीत असतं आणि हाताने तोंडावर मारायला तिथेसुद्धा बंदी आहे.

मी हे फार सोवळेपणाने लिहितेय असं वाटेल, तर माझं पण ऐक. ब्राउन बेल्ट असताना मी एका मुलीचं नाक फोडलं. तिने मला आदल्या मिनिटाला एक सुंदर पॉइंट मारला होता, सगळे "वा" म्हणाले, आणि पुढच्या वेळी माझी मूठ थांबली नाही. थांबवता आली असती, मला माहितीये. सर ओरडले नाहीत. तिला बसवलं, बर्फ दिला आणि मला फडकं दिलं. पूर्ण क्लास भिंतीला लागून उभा आणि मी मधोमध गुडघ्यांवर बसून रक्ताचे थेंब पुसतेय, लाकडाच्या फटीत गेलेला एक थेंब निघेना, तो नखाने काढला. त्यानंतर तीन महिने मला पार्टनर फक्त पांढरे बेल्ट. पांढरा बेल्ट कुठेही हलतो, ब्लॉक करायच्या ऐवजी डोळे मिटून पुढे येतो, त्याच्यासमोर कंट्रोल शिकली नाहीस तर रोज एक नाक. तीन महिन्यांनी मी त्या मुलीसमोर परत उभी राहिले तेव्हा वाकल्यावर तिने मान जरा जास्त वेळ खाली ठेवली. किंवा मला तसं वाटलं असेल.

तर आता काय करायचं. पुढच्या वेळी तो समोर आला की वाकायच्या आधी मोठ्याने सांग, सेम्पाय, हलकं. ऐकला नाही तर मध्येच थांब, दोन पावलं मागे जा, वाक आणि रांगेत जाऊन उभी राहा. "यामे", म्हणजे "थांबा", म्हणायचा हक्क फक्त सरांचा असं शिकवलं असेल, तरी "दुखतंय" म्हणायचा हक्क फक्त त्यांचा नाही. मग सरांना परत सांग, क्लास संपल्यावर, शक्यतो अजून एकीला बरोबर घेऊन, आणि "मला भीती वाटते" असं न सांगता "या तारखेला इथे लागलं, त्या तारखेला तिथे" असं सांग. दात सांभाळायला माउथगार्ड घाल, पण त्याने हा प्रश्न सुटला असं समजू नकोस. डोक्याला लागलं आणि गरगरलं, उलटी झाली, डोकं दुखत राहिलं तर त्या दिवशी प्रॅक्टिस बंद आणि डॉक्टर, कोणी कितीही ओस ओरडलं तरी.

दुसऱ्यांदा सांगूनही "स्पिरिट" ऐकायला आलं तर सोड. कराटे सोडू नकोस, तो क्लास सोड. नवीन क्लास बघायला जाशील तेव्हा काता बघू नकोस, सगळ्यात मोठा बेल्ट सगळ्यात लहान बेल्टशी कसा खेळतो ते बघत बस. आणि जिथे बाहेरच्यांना बसून बघू देत नाहीत, कोणा एका मुलीला एकटीला थांबवून घेतात किंवा रात्री मेसेज करतात, तिथून चपला घालून सरळ बाहेर.

प्रश्न : टोकियो ऑलिम्पिकमध्ये कराटे आलं आणि पॅरिसमध्ये गेलं पण. मग पारंपरिक क्लासला आता भविष्य काय? – क्रीडाप्रेमी

उत्तर : जे होतं तेच. २०२१ मध्ये टोकियोच्या बुदोकान हॉलमध्ये तीन दिवस, आठ सुवर्णपदकं, काताचे दोन इव्हेंट आणि कुमितेचे सहा, मी सुट्टी काढून सगळं बघितलं. ओकिनावाच्या कियुना र्यो यांनी पुरुषांच्या कातात सोनं घेतलं आणि पोडियमवर आईचा फोटो घेऊन उभे राहिले, तेव्हा आमच्या ग्रुपवर अर्धा तास कोणी काही टाइपच केलं नाही. मला ते आवडलंच. पण फुनाकोशींना स्पर्धांचं वावडं होतं, ते एप्रिल १९५७ मध्ये गेले आणि त्याच वर्षी जपान कराटे असोसिएशनची पहिली ऑल जपान स्पर्धा झाली. म्हणजे हे भांडण ऑलिम्पिकपेक्षा खूप जुनं आहे. माझ्या क्लासमधले चारेक जण स्पर्धेला जातात, बाकीचे तीस-पस्तीस मंगळवार आहे म्हणून येतात.

प्रश्न : अकरा वर्षांनी परत जायचंय. ब्राउन बेल्ट होते, मग लग्न, मुलं, गुडघ्याचं ऑपरेशन. जुना बेल्ट बांधायची लाज वाटते.

उत्तर : बेल्ट पिशवीत घेऊन जा, पांढरा बांधा, सरांना सांगा की हा माझा होता. बहुतेक सर पहिल्याच दिवशी नाहीतर महिन्याभरात म्हणतील की बांध तुझा. डॉक्टरांना आधी विचारून घ्या, किबा दाची (घोड्यावर बसल्यासारखं गुडघे वाकवून उभं राहणं) आणि उड्या दोन्ही दाखवून, "कराटे" एवढंच सांगितलं तर ते सिनेमातलं काहीतरी समजतात. काता आठवते हो, पायांना आठवते, मध्येच एखाद्या वळणावर डोकं विचार करायला लागलं की मगच चुकते. विसरतो तो दम. आणि तुमच्या वेळची पोरं आता सेन्सेई असतील, त्यांना वाकताना हसू येईल, येऊ द्या.

प्रश्न : मॅडम, आमचा क्लास फुटला. सर आणि त्यांचे सगळ्यात जुने शिष्य यांचं ग्रेडिंगवरून (बेल्टच्या परीक्षेवरून) बिनसलं, आता दोन क्लास, दोन ग्रुप, दोन लोगो. आम्ही सोळा वर्षं एकत्र गाश्शुकू (निवासी शिबिरं) केले, एका खोलीत वीस जण झोपलो, पहाटे चारला उठून पळालो. आता मी सरांकडे राहिलो तर तिकडचे रस्त्यात बघून न बघितल्यासारखं करतात. कोण बरोबर तेच कळत नाही. – सेकंड दान

उत्तर : कोण बरोबर ते मलाही इथे बसून कळणार नाही, आणि ग्रेडिंगवरून म्हणजे बहुतेक दोघंही थोडे थोडे चूक असणार.

हे घराणंच असं आहे. १९५७ मध्ये फुनाकोशी गेले तेव्हा अंत्यविधी कोणी करायचे यावरून त्यांच्या शिष्यांत इतकी तेढ आली की एक गट तिकडे फिरकलाच नाही. १९९४ मध्ये क्योकुशिनचे ओयामा मासुतात्सु गेले आणि त्यांची संघटना किती तुकड्यांत गेली ते मोजायला दोन हातांची बोटं पुरायची नाहीत. ज्यांनी आयुष्यभर आदर ठेवा म्हणून पाठ केलं ती ही माणसं. उलटं उदाहरण मला एकच पटकन आठवतं, माबुनी केन्वा. त्यांचे गुरू दोन, इतोसू आणि हिगाओन्ना, दोघांची शिकवण अगदी वेगळी. त्यांनी स्टाइलला नाव देताना दोघांच्या आडनावांतलं एकेक अक्षर घेतलं, त्या अक्षरांचा दुसरा उच्चार शि आणि तो, झालं शितो-र्यू. कोणालाच सोडलं नाही.

तुम्ही सेकंड दान आहात, म्हणजे खालची पोरं तुमच्याकडे बघतायत. त्यांच्यासमोर तिकडच्यांबद्दल एक शब्द बोलू नका, आणि तुमच्या क्लासच्या ग्रुपवर कोणी बोललं तर नुसतं "नको" लिहा. क्लास कुठला धरायचा ते सरळ हिशोबाने ठरवा, तुम्हाला अजून कोण काय शिकवू शकतं, कुठे तुम्हाला कोणी चूक दाखवतं. सेकंड दानची चूक दाखवणारी माणसं फार कमी उरतात, ती जिथे असतील तिथे जा. आणि ज्याच्याबरोबर सोळा वर्षं कुमिते केलीत त्याला फोन करा. भांडणाचा विषय काढायचा नाही, फक्त रविवारी सकाळी कुठल्यातरी मैदानावर प्रॅक्टिसला येतोस का. येईल किंवा नाही येणार.

आमचाही फुटला होता. माझा जुना पार्टनर तिकडे गेला, मी इकडे, चार वर्षं बोलणं नाही. मग एका स्पर्धेला दोघंही पंच म्हणून आलो, दुपारच्या सुट्टीत वॉर्म-अपच्या हॉलमध्ये दोघंच समोरासमोर सापडलो आणि काय बोलायचं ते दोघांनाही सुचेना. शेवटी तोच वाकला. मग मीही वाकले, आणि आम्ही गोहोन कुमिते घेतलं, पांढऱ्या बेल्टचं, पाच पावलं पुढे, पाच मागे, शेवटी काउंटर. त्याची मागची टाच अजून उचलली जाते. मी म्हटलं, टाच. तो म्हणाला, माहितीये, आणि परत पहिल्या पावलावर जाऊन उभा राहिला.